बिनऔषधी उपचारांच्या ट्रायलमध्ये नाव देण्यापूर्वी

योगासने, अ‍ॅक्युपंक्चर, फिजिओथेरपी, संगीतोपचार, ध्यान, समुपदेशन, प्रकाशोपचार. गोळी-इंजेक्शन नसलेल्या अशा उपचारांच्या ट्रायल विद्यापीठांत सतत चालू असतात आणि त्यांना माणसे हवी असतात. हा लेख त्यात नाव देऊ पाहणाऱ्यांसाठी आहे. संशोधक मंडळी जे गृहीत धरून बोलतात ते इथे उलगडून सांगितले आहे, कारण पहिल्या भेटीतला बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट असू द्या. ट्रायल म्हणजे फुकटात मिळणारा उपचार नव्हे. तुमचे डॉक्टर तुम्हाला बरे करण्यासाठी निर्णय घेतात; ट्रायल सहभागींना चिठ्ठीने गटांत वाटून, त्या गटांची तुलना करून एका प्रश्नाचे उत्तर शोधते, आणि तुमची प्रकृती बघून तिचा आराखडा बदलत नाही. आठ सत्रे ठरली असतील तर आठच होतात. सहाव्याला बरे वाटले तरी आठ, आणि आठव्यानंतर दुखत राहिले तरी आठच.

१. आधी नोंदणी क्रमांक मागा

माहितीपत्रकावर ट्रायलचा नोंदणी क्रमांक असायला हवा. अमेरिकेतल्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या रजिस्ट्रीचा (ट्रायलच्या नोंदींच्या जाहीर यादीचा) क्रमांक 'एनसीटी' या अक्षरांनी सुरू होतो आणि पुढे ८ आकडे असतात. 'आयएसआरसीटीएन' या रजिस्ट्रीतही अक्षरांपुढे ८ आकडेच. भारतातल्या ट्रायल 'सीटीआरआय' (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया) या रजिस्ट्रीत नोंदतात. कुठे शोधायचे ते कळत नसेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीटीआरपी' पोर्टलवर क्रमांक टाका. जगभरच्या रजिस्ट्रींमधल्या नोंदी तिथे एकत्र सापडतात.

नोंद उघडल्यावर सगळे वाचत बसू नका. या गोष्टी पाहा:

नोंदणीची तारीख. ती पहिला सहभागी घेण्याच्या आधीची हवी. १ जुलै २००५ नंतर सुरू झालेल्या ट्रायलसाठी वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ही अटच घातली आहे, आणि वर्तनोपचारासारखे बिनऔषधी उपचारही तिच्यात येतात. 'आमच्या उपचारात औषध नाही, म्हणून नोंदणी लागत नाही' असे कोणी सांगितले तर ते खरे मानू नका.

मुख्य माप. ट्रायलचा निकाल ज्या एका मोजमापावर ठरणार ते आधीच लिहिलेले असते. 'वेदनेत घट' एवढेच लिहिले असेल तर ते अर्धवट आहे. '१२व्या आठवड्यात ० ते १० च्या पट्टीवर रुग्णाने दिलेला वेदनेचा आकडा' हे पुरेसे आहे: काय मोजले, कशाने, केव्हा. हा काटेकोरपणा उगाच नाही. एकमेकांशी संबंध नसलेली २० मापे घेतली आणि नेहमीची ५ टक्क्यांची रेघ लावली (म्हणजे प्रत्येक मापात नुसत्या योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के ठेवली), तर उपचारात काहीही दम नसताना निदान एका मापात 'फरक दिसला' असे निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. मग ते एकच माप मथळ्यात जाते.

सहभागींची संख्या. मध्यम आकाराचा फरक पकडायचा, म्हणजे दोन गटांच्या सरासरीत अर्ध्या प्रमाण विचलनाचे (माणसामाणसातले आकडे सरासरीभोवती किती पसरतात त्याच्या मापाचे) अंतर असेल तर ते दिसले पाहिजे, तर प्रत्येक गटात सुमारे ६४ माणसे लागतात (८० टक्के ताकद, म्हणजे खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता, आणि ५ टक्क्यांची रेघ धरून). पाचातला एक गळेल असे मानले की ६४ चे ८० होतात. बिनऔषधी उपचारांत आणखी एक भर पडते. एकाच थेरपिस्टच्या हाताखालच्या रुग्णांचे निकाल थोडेफार सारखे येतात. एकेका थेरपिस्टकडे १० रुग्ण असतील आणि हे साम्य ० ते १ च्या मापावर अवघे ०.०५ असेल, तरी आवश्यक संख्या १.४५ पट होते. गळती न धरताही १२८ चे १८६. हा हिशोब नोंदीत दिसत नसेल तर विचारायला हरकत नाही.

२०-३० जणांची ट्रायलही वाईट नसते, पण ती बहुधा पूर्वचाचणी असते. लोक येतात का, टिकतात का, प्रश्नावल्या झेपतात का, एवढे तपासायला. उपचार लागू पडतो का हे तिच्यातून कळणार नाही, आणि तसे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवे.

२. 'तुलना कशाशी?' हा प्रश्न विचाराच

बाकी सगळे विसरलात तरी हे विसरू नका. औषधाच्या ट्रायलमध्ये दिसायला हुबेहूब पण आत काहीच नसलेली गोळी बनवता येते. योगासनांची अशी गोळी कुठून आणणार? समोर बसून बोलणाऱ्या समुपदेशकाची? म्हणून बिनऔषधी ट्रायलमध्ये दुसऱ्या गटाला काय देतात यावर ट्रायलचा अर्थ ठरतो, आणि तुमच्या वाट्याला काय येणार तेही. नेहमी दिसणारे प्रकार असे:

प्रतीक्षा-गट. तुम्हाला आता काही मिळत नाही. मोजमापे होतात आणि ट्रायलचा काळ संपल्यावर उपचार देतात. राबवायला सोपा आणि स्वस्त, पण उपचाराला सर्वांत झुकते माप देणारा. आपण थांबलो आहोत हे माहीत असलेला माणूस स्वतःहून काही करत नाही आणि थोडा हिरमुसलेलाही असतो. त्याच्याशी तुलना केल्यावर जवळपास काहीही गुणकारी ठरू शकते.

नेहमीचे उपचार. तुमचे चालू औषध-व्यायाम तसेच ठेवतात, दुसऱ्या गटाला त्यावर नवा उपचार मिळतो. अशा ट्रायलमधून 'भर घातल्याने फायदा झाला का' हे कळते. फायदा कशामुळे झाला, उपचारामुळे की आठवड्यातून दोनदा कोणीतरी आपुलकीने विचारपूस केल्यामुळे, हे कळत नाही.

तेवढाच वेळ, दुसरे काम. योगासनांच्या गटाला तासभर योग, तर दुसऱ्या गटाला तासभर आरोग्यविषयक वर्ग किंवा साधे ताणाचे व्यायाम. सत्रांची संख्या, शिक्षकाचे लक्ष, गटातली सोबत सारखीच. ज्या उपचारांची बनावट प्रत काढता येत नाही त्यांच्यासाठी हाच त्यातल्या त्यात चांगला मार्ग.

बनावट उपचार. १९९८ मध्ये जर्मनीत बनलेली श्ट्राइटबर्गर सुई हे ठळक उदाहरण: टोक बोथट, त्वचेला टेकताच सुई स्वतःच्याच पोकळ मुठीत सरकते, आणि रुग्णाला ती आत शिरल्यासारखी वाटते. वीजप्रवाह बंद ठेवलेले यंत्र किंवा अगदी मंद दिवा हेही याच जातीचे. बनावट उपचार मिळण्याची शक्यता आहे हे तुम्हाला आधी सांगणे बंधनकारक आहे. कोणाला तो मिळाला हे मात्र नंतर कळते.

प्रस्थापित उपचाराशी सामना. दोन्ही गटांना खरा उपचार मिळतो. सहभागी म्हणून हा प्रकार सर्वांत सुखाचा. फक्त दोन चांगल्या उपचारांत अंतर कमी असते, त्यामुळे माणसे पुष्कळ लागतात.

तुलनेच्या गटाने निकाल किती पालटतो हे दोन ट्रायलमध्ये स्वच्छ दिसते. जर्मनीतल्या २००७ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये जुनाट कंबरदुखीचे १,१६२ रुग्ण होते. ६ महिन्यांनी खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के लोकांना ठरवलेल्या निकषाएवढा आराम पडला, बनावट अ‍ॅक्युपंक्चरच्या (इथे भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुयांच्या) गटात ४४.२ टक्के, आणि औषधे, फिजिओथेरपी व व्यायाम अशा नेहमीच्या उपचारांच्या गटात २७.४ टक्के. फक्त तिसऱ्या आकड्याशी तुलना केली तर अ‍ॅक्युपंक्चर जवळपास दुप्पट गुणकारी. दुसऱ्याशी केली तर सुई नेमकी कुठे टोचली याला फारसा अर्थ नाही. ट्रायल एकच, आकडे तेच.

दुसरी ट्रायल अमेरिकेतली, २००८ सालची, आतड्याच्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या विकाराच्या २६२ रुग्णांवर केलेली. संशोधक टेड कॅपचुक आणि सहकाऱ्यांनी एका गटाला नुसते थांबवले, दुसऱ्याला बनावट अ‍ॅक्युपंक्चर मोजक्या शब्दांत उरकून दिले, आणि तिसऱ्याला तेच बनावट अ‍ॅक्युपंक्चर आस्थेने, ऐकून घेत, वेळ देत दिले. ३ आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के निघाले. खरी सुई कोणालाच टोचली नव्हती. पहिला आकडाही दुर्लक्षू नका: काहीच न करता चौघांतल्या एकाहून अधिक जणांना बरे वाटले. दुखणे शिगेला असताना माणूस ट्रायलमध्ये येतो, आणि तिथून ते बहुधा आपोआपच उतरते. 'मला गुण आला' या अनुभवावरून उपचार पारखता येत नाही, ते याचमुळे.

३. फोनवरची चाळणी

नाव दिल्यावर १५-२० मिनिटांचा फोन येतो. वय, दुखणे किती जुने, चालू औषधे, आधी हा उपचार घेतला आहे का, गर्भधारणा, अपस्मार, हृदयविकार वगैरे. नाकारले गेलात तर मनाला लावून घेऊ नका. निकष आधीच लिहिलेले असतात आणि फोनवरच्या माणसाला ते बदलता येत नाहीत.

इथला नेहमीचा सापळा म्हणजे निवड व्हावी म्हणून दुखणे फुगवून सांगणे. ० ते १० च्या पट्टीवर किमान ४ वेदना असलेलेच घ्यायचे असतील तर ३ चा ५ होतो, आणि पुढच्या मोजणीत खरे ३ सांगितले की न झालेली सुधारणा कागदावर येते. दुसरा सापळा याहून धोक्याचा: 'औषध घेत असलेले चालणार नाहीत' असे वाचून आपणहून औषध बंद करणे. रक्तदाबाचे, नैराश्याचे किंवा फिट्सचे औषध असे सोडू नका. अनेक ट्रायलना औषध चाललेले चालते. डोस मागचे काही आठवडे स्थिर असावा एवढीच अट असते.

४. पहिल्या भेटीला काय न्यायचे

- चालू औषधांची यादी: नाव, डोस, केव्हापासून. गोळ्यांची पाकिटे नेली तरी उत्तम.
- निदानाचे कागद आणि मागचे तपासणी अहवाल.
- तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा संपर्क.
- पुढच्या ३ ते ६ महिन्यांचे तुमचे वेळापत्रक: प्रवास, परीक्षा, लग्नकार्य, ठरलेली शस्त्रक्रिया. लोक ट्रायल सोडतात ती अनेकदा उपचाराला कंटाळून नव्हे, तारखा जमत नाहीत म्हणून.
- वाचायचा चष्मा. प्रश्नावल्या लांबलचक असतात.
- लिहून आणलेले प्रश्न.

५. संमतीपत्रक घरी आणून वाचा

ते वाचायला वेळ मागणे हा तुमचा हक्क आहे. 'आत्ताच सही करा, जागा संपत आल्यात' असे कोणी म्हणाले तर थांबा. कागदात पुढील गोष्टींची उत्तरे सापडली पाहिजेत:

- एकूण किती भेटी, प्रत्येकी किती वेळ, शेवटची मोजणी केव्हा
- गट किती, आणि कोणत्या गटात जाण्याची शक्यता किती (नेहमी निम्मी-निम्मी नसते)
- तुलनेच्या गटाला नंतर उपचार मिळेल का
- ट्रायलच्या काळात दुसरे कोणते उपचार घ्यायचे नाहीत
- संभाव्य त्रास, आणि इजा झाल्यास खर्च कोण करणार
- प्रवासखर्च मिळतो का; उपचाराचे पैसे द्यावे लागतात का
- ध्वनिमुद्रण किंवा चित्रीकरण होणार का, ते कोण पाहणार आणि केव्हा नष्ट करणार
- नैतिकता समितीच्या (सहभागींचे हित जपण्यासाठी संशोधन तपासणाऱ्या समितीच्या) मंजुरीचा उल्लेख आणि त्या समितीचा थेट संपर्क

चित्रीकरणाचे वाचून दचकू नका. थेरपिस्ट ठरलेल्या पुस्तिकेप्रमाणे काम करतो का हे तपासण्यासाठी काही सत्रे नंतर कोणीतरी पाहते. गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते कारखान्यात ठरते, इथे ते सत्रात ठरते. म्हणून ही तपासणी चांगल्या ट्रायलचे लक्षण आहे.

सही केलेल्या कागदाची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी सूचना. संशोधक तुम्हाला शिकवणारा किंवा गुण देणारा असेल तर 'नाही' म्हणणे अवघड जाते. अशा वेळी संमती तिसऱ्या व्यक्तीने घ्यायला हवी, आणि सहभागाबद्दल गुण मिळणार असतील तर तेवढेच गुण मिळवण्याचा दुसरा मार्गही उपलब्ध हवा. ट्रायल कोणाच्या पदवीच्या प्रबंधासाठी असेल तर ती केव्हा संपते ते विचारून घ्या. प्रबंध सादर झाला की थेरपिस्ट बऱ्याचदा निघून जातो आणि प्रतीक्षा-गटाला कबूल केलेला उपचार हवेत राहतो. तो कोण देणार हे लेखी घ्या.

६. पहिली मोजणी, मग गट

क्रम महत्त्वाचा. प्रश्नावल्या आणि शारीरिक मोजमापे आधी, गट नंतर. आधी गट कळला तर उत्तरे नकळत त्या बाजूला झुकतात.

गट संगणकाने किंवा आधीच सीलबंद केलेल्या अपारदर्शक पाकिटाने ठरतो. 'सोमवारी येणारे एका गटात, मंगळवारी येणारे दुसऱ्या' किंवा 'एक सोडून एक' हे रँडमायझेशन (चिठ्ठी टाकल्यासारखे निव्वळ योगायोगाने गट ठरवणे) नव्हे, कारण पुढचा माणूस कुठे जाणार हे आधीच कळते. 'तुम्हाला जास्त गरज आहे, तुम्हाला उपचाराच्या गटात घालतो' असे कोणी म्हणाले तर ते कितीही प्रेमाने म्हटलेले असो, ट्रायल तिथेच बिघडली. गट बदलून मागू नका. नकोसा गट मिळाला तर नाराजी येते, हे मान्यच. पण तो गट चालणार नसेल तर सहीच करायची नाही, हा निर्णय पाचव्या पायरीवर घ्यायचा असतो.

७. सत्रे आणि मोजणी करणारा माणूस

योग शिकवणाऱ्याला आपण योग शिकवतो हे माहीत असणारच. तेव्हा पडदा टाकायचा तो मोजणी करणाऱ्यावर. गुडघा किती वाकतो हे मोजणाऱ्याला, मुलाखत घेणाऱ्याला तुमचा गट ठाऊक नसतो, आणि तो तसाच राहायला तुमची मदत लागते. त्याच्याशी बोलताना 'आमच्या योगवर्गात' असे निघून गेले की संपले. प्रतीक्षा-कक्षातही दुसऱ्या गटाच्या माणसांशी आपापली तंत्रे वाटून घेऊ नका. दोन गटांतला फरक असाच विरघळतो.

सुरुवातीला 'हा उपचार तुम्हाला किती पटण्यासारखा वाटतो?' आणि शेवटी 'तुम्ही कोणत्या गटात होता असे वाटते?' असे प्रश्न येतात. ती परीक्षा नाही. 'माहीत नाही' हेही पूर्ण उत्तर आहे.

औषध नाही म्हणजे त्रास नाही, असे समजू नका. सुयांनी काळेनिळे डाग पडतात, क्वचित फुप्फुसाला इजा होते. मान झटक्याने फिरवण्याच्या उपचारात रक्तवाहिनीला इजा झाल्याचे दुर्मिळ पण गंभीर प्रकार नोंदले गेले आहेत. ध्यानात काहींची चिंता वाढते, जुने आघात वर येतात. प्रखर प्रकाशाने डोके दुखते. बायपोलर विकार (मन आलटून-पालटून उन्मादाकडे आणि नैराश्याकडे झुकणे) असलेल्यांमध्ये त्या प्रकाशाने उन्मादाची अवस्था येऊ शकते. असे काही झाले तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवा. उपचाराशी संबंध नसावा असे वाटले तरी कळवा. संबंध आहे की नाही हे ठरवणे त्यांचे काम.

८. डायरी

वेदनेची किंवा झोपेची डायरी त्या त्या दिवशीच भरायची. सगळेच म्हणतात, आम्ही रोज भरतो. २००२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका अभ्यासात जुनाट वेदनेच्या रुग्णांना कागदी डायऱ्या दिल्या आणि त्यांत उघडझाप ओळखणारा प्रकाशसंवेदक गुपचूप बसवला. नोंदी वेळेवर भरल्याचा रुग्णांचा दावा ९० टक्के. प्रत्यक्षात ११ टक्के. भेटीच्या आदल्या रात्री आठवून भरलेल्या नोंदींपेक्षा मोकळ्या जागा बऱ्या. चुकलेला दिवस कोरा सोडा.

घरी करायच्या सरावाचेही तसेच. दोनच दिवस केला असेल तर दोनच लिहा. 'लोकांना रोज ४० मिनिटे झेपत नाही' हाही एक उपयोगी निकाल आहे, आणि तो फक्त खऱ्या नोंदींतूनच निघतो.

९. सोडायचे असेल तर

केव्हाही, कारण न देता सोडता येते, आणि त्यामुळे तुमच्या नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. मात्र सत्रे सोडणे आणि मोजणी सोडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सत्रे नको असतील तरी शेवटच्या प्रश्नावलीचा फोन घेणार का, हे सांगून ठेवा. चिठ्ठीने ज्या गटात घातले त्याच गटात धरून प्रत्येकाचा हिशोब करायचा असतो, सत्रे पूर्ण केलेली असोत वा नसोत. गुण न आलेलेच गळाले आणि उरलेल्यांची सरासरी काढली, तर कुठलाही उपचार उत्तम दिसतो. २० टक्क्यांहून जास्त लोकांची अखेरची मोजणी नसेल तर त्या निकालाकडे जाणकार संशयाने पाहतात.

आतापर्यंत दिलेली माहिती काढून टाकता येईल का, हे संमतीपत्रकात पाहा. बऱ्याच ठिकाणी आधीची माहिती वापरली जाते, पुढची घेत नाहीत.

१०. निकाल हाती आल्यावर

शेवटच्या भेटीतच साध्या भाषेतला सारांश मागून ठेवा आणि पत्ता किंवा ईमेल द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निवेदनानुसार मुख्य निकाल ट्रायल संपल्यापासून १२ महिन्यांत रजिस्ट्रीवर यायला हवेत आणि २४ महिन्यांत नियतकालिकात. तेवढ्या काळानंतर पहिल्या पायरीवर टिपलेला क्रमांक पुन्हा टाकून बघा.

वाचताना आधी मुख्य माप ताडून पाहा: नोंदणीत लिहिलेले आणि पेपरातले एकच आहे का? मग फरकाचा आकार. 'लक्षणीय फरक' याचा अर्थ आकडेशास्त्राच्या दृष्टीने योगायोग नसावा, इतकाच. जुनाट वेदनेच्या ० ते १० पट्टीवर साधारण २ अंकांची किंवा ३० टक्क्यांची घट रुग्णाला जाणवण्यासारखी मानतात. दोन गटांत ०.४ अंकांचा फरक मोठ्या ट्रायलमध्ये 'लक्षणीय' ठरू शकतो, पण तो रोजच्या जगण्यात कोणाला फारसा जाणवणार नाही. आणि 'उपचाराच्या गटात आधीपेक्षा सुधारणा झाली' असे वाक्य दिसले, तर दुसऱ्या गटात किती झाली हे शोधा. ते कुठेच दिले नसेल तर विभागाला ईमेल करून विचारा. सहभागी म्हणून तो आकडा मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.